एकेचाळीस नावं

२ नोव्हेंबर, रविवार

वरून पत्रक आलं. ज्याच्याकडे चालू रेसिडेंट कार्ड नाही त्याला आरोग्य केंद्रात केसपेपर नाही. ड्रेसिंग नाही, गोळ्या नाहीत, मोठ्या हॉस्पिटलची चिठ्ठी तर नाहीच नाही. आमच्या डॉक्टर जमिला मॅडमनी ते दोनदा वाचलं आणि चहाच्या कपाखाली ठेवून दिलं. म्हणाल्या, "मैना, गावच्या मंडळाची बैठक होईपर्यंत मी हे वाचलेलं नाही. कळलं?"

कळलं! पण पटलं नाही. बावीस वर्षं ओमानमध्ये नर्स आहे मी. कार्डाची तारीख एकदा चुकवली नाही. महिनाभर आधी जाऊन रांगेत उभी राहते. आणि हे लोक! दोन-दोन, तीन-तीन वर्षं कार्ड नाही आणि खुशाल येऊन हात पुढे करतात – सिस्टर, बीपी बघा. नियम कशाला असतात मग?

घरी येऊन ह्यांचं ड्रेसिंग केलं. उजव्या पायाचा अंगठा. साखर असली की जखम भरायला वेळ लागतोच.

ह्यांचंही कार्ड संपलंय. चौदा महिने झाले. पण ह्यांची गोष्ट वेगळी. रुसैलची कंपनी बंद पडली, अर्बाब, म्हणजे मालक, फोन उचलेना, आणि वर 'कामगार पळून गेला' अशी तक्रार टाकून मोकळा झाला. पळून गेला म्हणे! माणूस घरात बसून माझा डबा करतोय. तक्रार मिटेपर्यंत नवी नोकरी नाही, गुहागरला परत जाता येत नाही. ह्यात ह्यांचा काय दोष? केंद्रात कुणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं आहे काय त्यात?

३ नोव्हेंबर, सोमवार

हवाबी आली होती. रत्नागिरीकडची, माझ्याच वयाची. घरी बसून शिवणकाम करते. माझे युनिफॉर्म तीच बारीक-मोठे करते – हल्ली मोठेच! तिचा कफील, म्हणजे जिच्या नावावर कार्ड निघतं ती जामीन असामी, वारला, त्याच्या मुलांनी कागद केले नाहीत, तीन वर्षं कार्डाशिवाय आहे. बीपी एकशे ऐंशी. चांगलीच झापली तिला. "कार्ड कर म्हणून किती वेळा सांगितलं तुला?"

हसते नुसती. "कार्डान बीपी उतरतो काय गो मैनाबाय?"

मग पत्रकाचं सांगितलं. हसू गेलं तिचं. गोळ्यांची पाकिटं पदरात बांधत म्हणाली, "मंग मी कुठं जाऊ?"

मी "पुढचा कोण?" म्हणून हाक मारली.

५ नोव्हेंबर, बुधवार

अंगठा परवासारखाच. वाढला नाही म्हणजे बराच म्हणायचा.

६ नोव्हेंबर, गुरुवार

शेख रशीद स्वतः केंद्रात आले. गावच्या नगरपालिकेच्या मंडळाचे प्रमुख. सत्तरीचे असतील, हातात काठी, पण काठी टेकत नाहीत, नुसती नाचवतात. कहवा झाला, खजूर झाले, सगळ्यांच्या आई-बापाची चौकशी झाली. मग काठी टेबलावर आडवी ठेवून म्हणाले, "हे पत्रक आमच्या गावात चालणार नाही. हीच माणसं आमच्या बोटींवर मासळी ओढतात, आमच्या बायकांचे कपडे शिवतात, आमची पोरं सांभाळतात. आजारी पडली की लगेच परकी? आम्ही मंडळातर्फे लेखी विरोध करणार."

त्यांना यादी पाहिजे. नुसता आकडा दिला तर वरचे म्हणतील, म्हातारा काहीही बडबडतो. म्हणून नावं – जे स्वखुशीने देतील त्यांचीच. जमिला मॅडम म्हणाल्या, "शेख, नाव एकदा वर गेलं की परत मागता येत नाही. उद्या कुणी दारात आलं तर?" शेख म्हणाले, "तर आधी माझ्या दारात यावं लागेल. पण खोटं नाही बोलणार. शंभर टक्के खात्री मी देऊ शकत नाही." मला हे आवडलं. इन्शाल्ला म्हणून सुटले नाहीत.

यादी करायचं काम माझ्या गळ्यात! अक्षर चांगलं, इंग्रजी स्वच्छ, आणि सगळ्यांना ओळखते.

घरी सांगितलं तर हे पोळ्या भाजता भाजता म्हणतात, "म्हणजे बघ, अखेर बायकोनेच माझं नाव लिहायचं!" मी म्हटलं, काहीतरीच बोलू नका. पोळी करपतेय.

९ नोव्हेंबर, रविवार

एकेकाला बाजूला बोलावून विचारलं. काही जण 'यादी' शब्द ऐकूनच उठून गेले. बोटीवरचे तिघं आधी हो म्हणाले, बाहेर जाऊन कुजबुजले, परत येऊन नाही म्हणाले, आणि संध्याकाळी पुन्हा येऊन हो! हॉटेलातला एक आचारी म्हणाला, "सिस्टर, मेरा नाम लिखो, नंबर मत लिखो." बरं बाबा.

हवाबीने तर कमाल केली. "माजा नाव पयला लिव."

"अगं बाई, पहिलं नाव डोळ्यात भरतं."

"भरूदे! मागं लिवलंस तर मना कोन बघनार?"

लिहिलं पहिलं. पट्टीने रेघा मारून, नाव, वय, आजार, किती वर्षं गावात. एकेचाळीस झाले. यादी इतकी सुंदर दिसते आहे की मॅडम म्हणाल्या, फ्रेम करूया. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं मी ह्या लोकांना नुसतं झापलं. बेदाणे निवडावेत तसे आजार निवडले, माणूस कधी विचारला नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

हवाबी युनिफॉर्म द्यायला घरी आली. मी ड्रेसिंग करत होते, दार नुसतं लोटलेलं, ह्यांनीच बसल्या जागेवरून "या!" म्हणून तिला आत बोलावलं. सवय आहे ह्यांची. पाय स्टुलावर, पट्टी सुटलेली. बघितलं तिने.

"ह्यो पाय घरी ठेवायचा नाय," म्हणाली.

"मी नर्स आहे ना," मी म्हटलं.

"भावजींचा कार्ड?"

मी कापूस शोधत बसले. कापूस समोरच होता. हे म्हणाले, "माझं कार्ड तुमच्याच पंगतीला बसलंय, हवाबी." मला इतका राग आला ह्यांचा!

ती जाता जाता विचारते, "यादीत किती झाले गो?"

"एकेचाळीस."

"हां."

बस, एवढंच. चहासुद्धा न घेता गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचं ते 'हां' भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना सारखं ऐकू येतंय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

रुवीतल्या ओळखीच्या खाजगी डॉक्टरांना फोटो पाठवले. म्हणाले, ऑपरेशनचं मोठ्या हॉस्पिटलनेच ठरवायला हवं, तुमच्या केंद्राची चिठ्ठी घ्या. चिठ्ठी जमिला मॅडम देतात. आत्ताही देतील, पत्रक कपाखालीच आहे. पण त्यासाठी तोंड उघडायला हवं. चौदा महिने घरात काय लपवलं ते सांगायला हवं. नोकरीचं काय होईल? हे घर तर नोकरीचंच आहे.

अंगठ्याची कड काळपट वाटते. उजेडाचा दोष असेल.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आज शेख रशीदांच्या सबल्यात बैठक झाली. सबला म्हणजे गावाची बसायची जागा, मोठा गालिचा, भिंतीला तक्के. जमिला मॅडमना आणि मला एका बाजूला बसवलं. यादी हातोहात फिरली. अक्षराचं कौतुक झालं.

मग एक सदस्य म्हणाला – वाईट नव्हता तो, सरळ विचारत होता – "ही एकेचाळीस माणसं कुणाची? वरचे हेच विचारणार. एकाचंही जवळचं कुणी इथे नोकरीत नाही, त्यांच्यासाठी शब्द टाकणारं कुणी नाही. म्हणतील, ही वाऱ्यावरची माणसं, तुम्ही कशाला त्यांच्यासाठी भांडता?"

शेख माझ्याकडे वळले. "सिस्टर, तू सगळ्यांना ओळखतेस. ह्यात कुणी आपलं आहे? ज्याच्यासाठी केंद्रातलं कुणी उभं राहील?"

सगळे बघत होते. कहव्याचा कप माझ्या हातात होता. मी म्हटलं, "नाही."

एक शब्द. अरबीत तर आणखीच छोटा – ला.

शेख म्हणाले, ठीक आहे, आहे त्या यादीवर पत्र लिहू, रविवारी सकाळी पाठवू. लाज वाटते. सरळ सांगते, लाज वाटते. हवाबी पहिलं नाव माझं घाल म्हणाली, आणि मी माझ्या माणसाला एकेचाळिसांतही बसू दिलं नाही.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी ह्यांना ताप. एकशे एक. पट्टी सोडली. उजेडाचा दोष नव्हता.

हे वर बघून म्हणाले, "जाईल का गं अंगठा?"

"अंगठा गेला तर नशीब. उशीर केला तर पाय जाईल." इतकं स्पष्ट बोलायचं नव्हतं. निघून गेलं तोंडातून. मग सबल्यात काय झालं तेही सांगून टाकलं. मला वाटलं, चिडतील. पण हे म्हणाले,

"बरोबर केलंस. तुझी नोकरी गेली तर दोघंही रस्त्यावर."

"बरोबर नाही केलं!" ओरडलेच मी. "हवाबीला झापते, बोटीवरच्यांना झापते, नियम शिकवते सगळ्यांना. आणि घरात? माझा माणूस वेगळा! कसला वेगळा? त्यांचेही अर्बाब असेच होते."

हे हसले. तापातसुद्धा हसतात. "मग आता काय, मॅडम?"

जमिला मॅडमना फोन केला. सगळं सांगितलं, अथपासून इतिपर्यंत. मग म्हणाल्या, "शुक्र-शनि सुट्टी, रविवारी केंद्र उघडलं की सकाळी सात वाजता घेऊन ये. ताप वाढला तर आत्ताच माझ्या घरी आण. चिठ्ठी मी लिहिते. आणि मैना, शेखना तू सांगणार आहेस की मी?"

"मी."

शेखना फोन लावला. ऐकून घेतलं त्यांनी. रागावले नाहीत. "यादी दुरुस्त करून आण," म्हणाले. "पण विचार करून. मी काय म्हणालो होतो ते लक्षात आहे ना?"

आहे. शंभर टक्के खात्री नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

ताप उतरला नाही, चढलाही नाही. हे झोपलेत. पट्टी घेऊन नव्या कागदावर रेघा मारल्या. लग्नात उखाण्यात घेतलं, त्यानंतर ह्यांचं नाव मी कधी तोंडाने घेतलं नाही. ह्या वहीतसुद्धा नाही.

१. दयानंद पालशेतकर, वय ५४. नर्स मैना पालशेतकर हिचा नवरा.

हवाबीला दोन नंबरवर ढकललंय. भांडेल!