बारावे चित्र

१० मे १९५३, देवरी
उन्हाळी दौरा आज संपला. सायकल शेवटचे तीन मैल हातानेच आणली.
काल मंगरूच्या गावी सहावे चित्र झाले: मोशे, दुभंगलेला समुद्र. बायबलच्या चित्रांच्या गुंडाळीत एकंदर बारा. मोहाच्या झाडाला टांगून दर खेपेला एकच दाखवायचे, हा माझा नेम. बाकीचे पांगले, मंगरू बसून राहिला. सत्तरीचा असेल, एका डोळ्यात फूल पडलेले. म्हणाला, "शेवटचं कोन्तं हाय जी? तेवढं दाखवा." मी म्हणालो, त्याची पाळी पावसाळ्यानंतर. "तवर मी राहीन का?" म्हणून हसला. मीही हसलो.
नेमाला कारण आहे. तीन वर्षांपूर्वी एका गावी क्रुसाचे चित्र आधी दाखवले आणि रात्री तिथेच टांगून ठेवले. सकाळी पाहतो तर त्यावर शेंदूर, पुढे फोडलेला नारळ. तेव्हापासून आधी उत्पत्ती, मग पाप, मग आज्ञा. तारणारा शेवटी.

२८ जून, रविवार
नाले भरले. दौरा बंद. उपासनेत निवडीवर बोललो: देवाने ज्यांना आपले म्हटले आहे त्यांतला एकही हरवत नाही, आपण केवळ निरोप पोचवणारे. बरे बोललो असे वाटले. (वाटले याची लाज इथे लिहून ठेवतो.) लोकांशी बोलत राहिलो, जेवायला उशीर. सुमती म्हणाली, "सगळं देवच करतो म्हणता ना? मग भातही तोच गरम ठेवील."

१९ सप्टेंबर
बाजारात मंगरूच्या गावचा माणूस भेटला. मंगरू गेला. पोळ्याच्या आधी, तापाने.
"बुढा रोज इचारे, गुरुजी आले का. नाला चढला म्हनलं त म्हने, नोका येऊ म्हना, चित्र भिजन त्याइचं. लय फिकीर होती त्याले तुमच्या चित्राची."
मीठ घ्यायचे राहिले.

२१ सप्टेंबर
देवाचे काम माझ्या चित्रांच्या क्रमावर अडत नाही. हे मी मानतो. शिकवतो. मग परवा मीठ घ्यायचे का राहिले?
आणि अडत असेल, म्हणजे माणसाने कोणाच्या तरी तोंडून ऐकल्यावाचून भागत नसेल, तर त्या दिवशी मोहाखाली मी...
दुपारी आठवले. दुसऱ्या चित्राच्या वेळी त्याने विचारले होते, "तो मले वळखते का?" मी म्हणालो होतो, नावानिशी ओळखतो. तेवढे पुरे झाले असेल? पुरे व्हावे असे वाटते. पण ते त्याच्यासाठी वाटते की माझ्या सुटकेसाठी?
सुमतीला सगळे सांगितले. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "शेंदराला घाबरलात तुम्ही." एवढेच.

२६ ऑक्टोबर
नाला उतरला. आज मंगरूच्या घरी गेलो. त्याची मुलगी सोमारी अंगणात धान कांडत होती. विधवा आहे, बापाजवळच राहायची. "या जी" म्हणाली, हात थांबवला नाही.
"तुमच्या देवाले मालूम होतं का, बाबा जाते म्हून?"
"होतं."
"मंग तुमाले काऊन नाई सांगलं त्यानं?"
मी सायकलवरची गुंडाळी आवळून बांधली.
"शेवटचं चित्र त्या दिवशी तुमच्यापाशी होतं?"
नाही म्हणता आले असते. "होतं. त्याच गुंडाळीत."
मुसळ भिंतीला टेकवले. "चला."
गावाबाहेर त्यांच्या रीतीप्रमाणे बापाच्या नावाचा दगड उभा केला आहे. म्हणाली, "दाखवा त्याले. त्यानं मांगितलं होतं."
मेलेल्याला उपदेश नसतो. मीच शिकवले आहे. शिवाय दगडाला शेंदूर होता.
गुंडाळी झाडाला टांगली. एकेक चित्र उलटत बाराव्यावर आलो. क्रूस.
"नुसतं दाखवून का होते? त्याले कमीच दिसे. सांगा."
सांगितले. सगळे, शेवटपर्यंत. दगडाकडे पाहून सुरुवात केली. ती कधी खाली बसली कळले नाही. मधे एकदा "अन् त्याची माय?" असे विचारले. संपल्यावर चित्राच्या कडेची धूळ पदराने पुसली.
मी सायकलला हात घातला तर म्हणाली, "मी इचारलं, काऊन नाई सांगलं त्यानं, ते राहून गेलं. बजारी येतो मी. तवर त्याले इचारून ठेवा."

३० ऑक्टोबर
दगडापुढे बोललो हे मंडळीला सांगावे का? सुमती म्हणते, आधी सोमारीला काय सांगणार ते बघा.
चार दिवस विचारतो आहे. गुडघ्यांवर, सायकलवर, जेवताना. बायबल कॉलेजातल्या वह्याही काढल्या. उत्तरे आहेत त्यांत, व्यवस्थित, समासात माझ्याच अक्षरातली. सोमारीला देण्याजोगे एकही नाही. आणि ती त्या दिवशी जे ऐकत बसली, ते कोणी घडवले? देवाने, असे उत्तर दिले तर बापाच्या मरणाचे काय?
उद्या बाजार. पाच मैल चालत येईल ती.
सुमतीने विचारले, जेवायला थांबेल ना? थांबव म्हणालो. तेवढा तरी वेळ मिळेल.