आधी मला विचारत जा

बाबा,
आधी नमस्कार, मग भांडण.

प्रशासनात तू नेमकं करतेस काय, असं विचारलंत ना? आमच्या फर्निचर कंपनीच्या जाहिरातवाल्यांनी छापायला घेतलं, 'कपाट दोन दिवसांत घरी बसवून देऊ.' सुतार चारच आहेत, हे कुणी विचारलंच नाही. मी जाहिरात थांबवली. दिलेला शब्द पाळता येईल ना, हे आधी बघायचं, तेच माझं काम. ते रुसलेत, म्हणून सध्या कँटीनमध्ये एकटीच जेवते, पण पोटभर.

तुमचा गुडघा कसा आहे? उगीच जिने चढू नका.

आणि हो, 'लेक एक तारखेला येतेय' असं अख्ख्या गल्लीला सांगून बसलात, आई म्हणाली. मला विचारलंत? रजा अजून मंजूर नाही.

मिळवते. तुमचा शब्द खाली पडू देणार नाही.

तुमची,
भांडखोर लेक