लाल चांदणी अन् माझे डोळे

नाशिक, १८ जानेवारी १९९८

वेदिकाच्या आजोबांना भागुबाईचा नमस्कार.

डोळ्याचं ऑपरेशन करायचं नाय. डॉक्टर म्हणाले, "आजी, नजर शाबूत आहे." मी भ्याले होते, पण ते गावात सांगू नका.

मागल्या वर्षीच्या संक्रांतीला दिसलेली लाल चांदणी दिवाळीत दिसेना, म्हणून तुम्हीच मला आंधळी ठरवून इथं धाडलं. वेदिका म्हणते, ती चांदणीच फुगते, आकसते, दिसेनाशी होते अन् अकरा महिन्यांनी परत उजळते. काल गच्चीवर नातीच्या आधी मीच तिच्याकडं बोट दाखवलं. दोघी लय हसलो.

तुमचा गुडघा कसा हाय? तेल लावता ना?

शुक्रवारी येते. अंगण झाडून ठेवा. कचरा मला फाट्यावरूनच दिसंल.

तुमची,
भागुबाई