वरच्या टोकाचं वजन

प्रिय ठमे,

तुझं पत्र पोचलं. तुझ्या बाबांचं वजन पुन्हा उतरलं, डोळे उघडे असून ओळख नाही, नळीने दिलेलं अंगी लागत नाही, सगळं कळलं. रडून झालं असेल तर पुढचं नीट वाच.

इथलं काम आटोपत आलंय. दुर्बिणीच्या वरच्या टोकाचा पिंजरा आम्ही उतरवला. त्यात कुडकुडत बसून एकेक दीर्घिका टिपण्यात बाबांची उमेदीची वर्षं गेली. आता तिथे माणसाला जागाच नाही. मोठं भिंग आणि त्यामागे हजारो काचेचे तंतू बसवलेत. एकेक तंतू एकेका दीर्घिकेचा उजेड उचलून तळघरातल्या नव्या वर्णपटमापकांकडे नेतो आणि तिथे त्याचे रंग सुटे होतात. बाबांना हे सांगितलं तेव्हा म्हणाले होते, मग मी काय वर बसून माशा मारू? पिंजरा उतरला त्याच आठवड्यात त्यांना झटका आला.

राहिलाय फक्त तोल. ब्रेक सोडला की दुर्बीण जागच्या जागी राहायला हवी, नाहीतर मोटरींवर ताण येतो आणि तपासणीत आम्ही नापास. पण आमची दुर्बीण दर वेळी तोंडाकडे, म्हणजे वरच्या टोकाकडे झुकते. वरचा एकूण एक भाग क्रेनच्या काट्यावर तोलूनच चढवलाय, हिशोब चोख आहे. तरी मी खालच्या बाजूला लोखंडी चकत्या लावते आणि आठवड्याभरात त्या पुन्हा कमी पडतात. क्रेनवाला म्हणाला, बाई, वर कोणीतरी बिनतिकिटाचं बसलंय. मी त्याला झापलं. मग भर दुपारी स्वतः शिडी चढले.

वर कोणी नव्हतं. घुमट आम्ही मुद्दाम गार ठेवतो, लोखंडाला हात लावला तर चटका बसावा इतका. पण भिंग धरणाऱ्या लोखंडी कड्याचा एक हातभर तुकडा कोमट होता, माणूस नुकता उठून गेल्यावर खुर्ची असते तसा. मी हात तिथेच ठेवला. तो गार होईना.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे तू जाणतेस. माझा विश्वास वजनावर आहे. तिकडे नर्सबाई जेवढं उतरल्याचं सांगतात, तेवढंच इथे मला वाढवावं लागतं. कमी नाही, जास्त नाही.

म्हणून हे लिहितेय. त्यांच्या कानाशी जा आणि ठणकावून सांग, बाबा, वरची ड्यूटी संपली, खाली या. माझं त्यांनी जन्मात ऐकलं नाही, तुझं ऐकतात. आणि यायचं नसलं तर तसंही चालेल म्हणावं, मी रागावणार नाही. फक्त मला लगेच कळव. दीर्घिकांचं सर्वेक्षण सुरू झालं की दुर्बीण रात्रभर आकाशभर फिरेल, आणि चकत्या किती ठेवायच्या ते मला आधी ठरवावं लागेल.

तुझीच, डोंगरावर खोळंबलेली,
आई