गळ्यातली किल्ली आणि पेटीतलं पिस्तूल

मी, हाल्वोर नेस्टेबी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा मासेमारी, राहणार सेल्विक बंदर, आग्नेय अलास्का, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. उजवा हात मात्र नाही; चार वर्षांपूर्वीच्या झटक्यापासून तो थरथरतो. म्हणून अक्षर वकीलबाई प्रिसिला ऑडम यांचं आणि शब्द माझे. "हे मृत्युपत्रात बसत नाही" असं त्या आतापर्यंत दोनदा म्हणाल्या. बसवा, म्हणालो. याआधी मी केलेली दोन्ही मृत्युपत्रं रद्द समजावीत. दोन्ही खोटी होती.

कलम एक. राहतं घर माझी मुलगी सिनव हिला. चुलीच्या वरचं छप्पर गळतं, ते मला ठाऊक आहे. तिने माझ्या फोटोसमोर उभं राहून ते पुन्हा सांगू नये.

कलम दोन. मासे धुरावर सुकवायची माझी लोखंडी पेटी नऊ वर्षांपूर्वी लुडविक हॉगनने दोन दिवसांसाठी नेली. ती आता त्यालाच दिली आहे. अंत्यविधीला तो पहिल्या रांगेत बसेल, तेव्हा ही गोष्ट मोठ्याने वाचून दाखवावी. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात; माझी मेल्यावरही एक दिवस राहू द्या.

कलम तीन. माझी होडी, जिला मी माझ्या दिवंगत पत्नीचं, मार्गितचं नाव दिलं, ती इंजिन, दोर, गळ आणि भाल्यासह माझा धाकटा भाऊ आर्विद नेस्टेबी याला. ती अर्धी त्याच्याच घामाची आहे.

कलम चार. वडिलांचं पिस्तूल, होडीवरच्या कुलुपाच्या पेटीसकट, तेही आर्विदला.

इथे वकीलबाईंनी लेखणी खाली ठेवली. "हाल्वोर, शिक्षा झालेल्या गुन्हेगाराला बंदूक देता येत नाही. त्याने हातात धरली तरी तो पुन्हा आत जाईल."

"मग गुन्हेगार कोण, ते लिहून घ्या," मी म्हणालो.

लिहून घ्या. आमच्याकडे समुद्रावर बंदूक न्यायला परवाना लागत नाही. कमरेला लावा, पेटीत ठेवा, कोणी विचारत नाही. दक्षिणेला कॅनडाची हद्द लागते तिकडे तेवढी न्यायची नाही, मग मासा कितीही मोठा असो. बाकी फक्त माणूस स्वच्छ लागतो.

आणि बंदूक लागतेच. हॅलिबट म्हणजे दारासारखा सपाट मासा, मोठा असला तर माणसाहून जड. गळाला लागून वर येतो तो मेल्यासारखा, आणि होडीत पडला की शेपटीने मांडीचं हाड मोडतो. म्हणून मासा पाण्यात असतानाच त्याच्या डोक्यात गोळी घालायची, मग आत घ्यायचा. होडीत गोळी झाडायची नाही. हे इथलं शेंबडं पोरही सांगेल.

१९८७ च्या ऑगस्टमध्ये मी ते केलं. सकाळपासून प्यालो होतो. शेजारचा वॉल्टर पीव्ही हौसेने बरोबर आला होता. मला फोटोसाठी डोकं न फुटलेला मासा हवा होता. आर्विद म्हणाला, "दादा, आधी पाण्यात मार."

मी म्हणालो, "आता तू शिकव मला."

मासा आत घेतला. जरा वेळ निपचित पडला, मग फळ्या हाणायला लागला. मी घाबरून पिस्तूल काढलं आणि तिथेच झाडलं. गोळी दोर ओढायच्या चाकाच्या लोखंडावर आपटून उलटली. वॉल्टर पाव खात बसला होता. त्याच्या मानेत लागली. बंदर येईपर्यंत तो गेला.

परतताना आर्विदने माझ्या हातातून पिस्तूल काढून घेतलं. "वहिनीला सातवा चाललाय. तू प्यालायस, तुला दहा वर्षं घालतील. मी पाण्याशिवाय काही प्यायलो नाही. गोळी मी झाडली, कळलं?"

मी नको म्हणालो नाही. बाई, हे वाक्य दोनदा लिहा. मी नको म्हणालो नाही.

आर्विद पंधरा महिने आत होता. बाहेर आला तेव्हा त्याची स्वतःची होडी विकली गेली होती, आणि बंदुकीला हात लावायची त्याला जन्मभर बंदी होती. बंदुकीशिवाय एकट्याने मोठ्या माशाच्या वाटेला कोण जाणार? तो माझ्या होडीवर आला. गावाने मला शाबासकी दिली. बघा, थोरला भाऊ कसा सांभाळतो. मी ती शाबासकी घेतली.

पोलिसांकडून परत आलेलं पिस्तूल आर्विदच्या ताब्यात आहे असं कोणी म्हणू नये म्हणून पेटीची किल्ली मी गळ्यात घातली. ती तीस वर्षं तिथेच आहे. अंघोळीला काढत नाही, दवाखान्यात काढत नाही. दर मोसमात मासा वर आला की आर्विद दोर धरून म्हणायचा, "दादा, मार," आणि मागे सरायचा. मी मारायचो. दर वेळी मला वॉल्टरच्या हातातला पाव दिसायचा. त्याला होडी सोडता येईना, मला पिस्तूल सोडता येईना. चाळीस फुटांत आम्ही दोघे, आणि बोलायचं ते फक्त हवेबद्दल.

मला झटका आला तोही होडीवर, गळाला भला मोठा मासा असताना. किल्ली माझ्या गळ्यात, मी पालथा पडलेला. आर्विदने किल्लीला हात लावला नाही. दोर कापला, मासा सोडला, मला बंदरात आणलं. धक्क्यावर आलेल्या पोलिसाने पहिला प्रश्न विचारला तो असा: "आर्विद, पेटी उघडली नाहीस ना?"

कलम पाच. वॉल्टरच्या बायकोने त्याच हिवाळ्यात गाव सोडलं. तिचा पत्ता वकीलबाईंनी काढावा आणि वरचा मजकूर जसाच्या तसा तिला पाठवावा. माफी मागणारं वेगळं पत्र जोडू नये. मला ते लिहिता आलं नाही.

कलम सहा. हे सिनवसाठी. बाळा, काकाने माणूस मारला हे ऐकत तू मोठी झालीस. तुझ्या पोरांना तू त्याचा हात लागू देत नाहीस. दर नाताळाला तो हॅलिबटच्या गालांचं मांस, माशातला सगळ्यात गोड भाग, स्वच्छ करून तुझ्या पायऱ्यांवर ठेवतो, दार वाजवतो आणि बर्फात उभा राहतो. तू थँक यू म्हणून दार लावतेस. ते मांस मी आत बसून खातो. बत्तीस वर्षांतलं सगळ्यात वाईट मी केलं असेल तर ते हे.

इथवर लिहून झालं आणि दुपारचं सूप घेऊन आर्विद आला. वकीलबाईंनी माझ्या सांगण्यावरून त्याला सगळं वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "खोटा जबाब आर्विदने दिलाय. तुम्ही दोघेही अडकाल."

"अडकलेलेच आहोत," मी म्हणालो.

आर्विद बराच वेळ सुपावरचं झाकण पुसत राहिला. मग म्हणाला, "पिस्तूल मला कधीच नको होतं रे. आणि मेल्यावर सांगून काय करणार? तू सुटशील, मी पायऱ्यांवरच."

खरं बोलला. मेल्यावरची कबुली म्हणजे करून सवरून नामानिराळं राहणं. म्हणून कलम सात, आणि हे माझ्या मरणाची वाट बघणार नाही: या मजकुराची एक प्रत आजच सरकारी वकिलांच्या कचेरीत जावी. आर्विदचं नाव स्वच्छ होईपर्यंत पिस्तूल आणि किल्ली वकीलबाईंकडे राहावी. पुढे त्याने ते खुशाल समुद्रात टाकावं.

सिनवला मी स्वतः फोन केला, या दोघांसमोर. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, तुमच्याशी मी आज बोलू शकत नाही. काका तिथे आहे का? त्याला द्या."

आर्विदने दोन्ही हातांनी फोन धरला. तो फक्त "हो" म्हणाला, तीन वेळा. फोन ठेवून मला म्हणाला, "रविवारी जेवायला बोलावलंय. गाल आणू नकोस म्हणाली, नुसता ये."

मला बोलावलेलं नाही. ते बरोबर आहे.

वरील सर्व मी ऐकलं, ते माझंच आहे, आणि थरथरत्या हाताने का होईना, सही माझीच आहे.

हाल्वोर नेस्टेबी
सेल्विक बंदर, १४ नोव्हेंबर २०१९

साक्षीदार पहिला: ग्लेन टॅगर्ट, बंदरावरचा कारकून. माझ्यासमोर सही झाली.

साक्षीदार दुसरी: विल्मा डेकर, परिचारिका. माझ्यासमोर सही झाली. सही करण्यापूर्वी त्यांनी गळ्यातली किल्ली काढायला सांगितली. दोरी मानेत रुतली होती, ती मी कात्रीने कापली.