सिमेंटचा किल्ला

नाना, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि यांना जाऊन त्याहूनही जास्त. सुनेनं सासऱ्याला पत्र लिहावं असं आपल्यात काही नव्हतं. बाहेरच्या खोलीत तुम्ही, ओट्याशी मी आणि मधल्या खोलीत यांचं अंथरूण, एवढ्याशा घरात लिहायचं कशाला. बोलायचं ते तेव्हाच बोलायचं होतं, आणि बोललेही मी. तुम्ही ऐकलं नाहीत म्हणून आज लिहिते.

मधली खोली गळायची. गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीतलं हे घर तुम्ही कारखान्यात नोकरीला असताना स्वतः उभं राहून बांधून घेतलंत, त्यामुळे गवंड्याचं नाव काढलं की तुम्हाला राग यायचा. "माझ्या स्लॅबला दुसऱ्याचा हात लागणार नाही," म्हणायचात. हात तुमचाच लागायचा, पण अर्धवट. चिरा खरवडायला वर जायचात, जरा दम खायला बसायचात, आणि बसल्या बसल्या हाताशी असेल त्याचं काहीतरी करायला घ्यायचात. उरलेल्या पाइपांचं कारंजं, तेलाच्या डब्याचा गरगर फिरणारा आकाशकंदील, सायकलच्या चाकाचा रहाट. गल्ली बघायला यायची. खाली मी पातेली लावून बसलेली. पातेलं भरेपर्यंत वाचनालयातलं पुस्तक वाचायचे; शाळा सातवीत सुटली, बाकीचं शिक्षण असंच झालं. एकदा तुम्ही दारातून म्हणालात, "काय सूनबाई, गळती थांबवायचा उपाय दिलाय का त्यात?" मी म्हणाले, "दिलाय. गवंडी बोलवा असं लिहिलंय." तुम्ही हसलात आणि पुन्हा वर गेलात.

यांना दमा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ओल बंद करा नाहीतर खोली बदला. बदलून नेणार कुठे? स्वयंपाकघरात फोडणीचा ठसका, बाहेरच्या खोलीत रस्त्याची धूळ. गल्लीत नुकती केबल आली होती, त्या वर्षी पाऊस सरताच मी हट्ट धरला आणि तुम्ही खरंच सिमेंट, वाळू आणलीत. मला वाटलं, आता होईल. तेवढ्यात दिवाळी आली. माझी मुलगी तुमच्या मागे लागली, "नाना, आपला किल्ला कधी?" सगळी पोरं मातीचा करतात, दिवाळी झाली की मोडतात. तुम्ही म्हणालात, "यंदा पक्का करू. रामशेज करू. मोडायची भानगडच नको." गच्चीसाठी आणलेल्या सिमेंटचा तुम्ही रामशेज केलात. बुरूज, पायऱ्या, पाण्याचं टाकं, माती पसरून अळीव पेरलेली उतरण. आणि जागा कुठली निवडलीत, तर गच्चीचं पाणी पाइपात उतरतं तोच कोपरा. खालून पाण्याला भुयार ठेवलंय म्हणालात. पुढच्या पावसाळ्यात, पहिल्याच मोठ्या सरीत, किल्ल्याची माती त्या भुयारात जाऊन बसली. गच्चीवर पाणी तुंबलं, आणि मधल्या खोलीत जिथे थेंब पडायचे तिथे धार लागली. "फोडा तो," मी म्हणाले. "अगं, पोरीचा जीव आहे त्यात," तुम्ही म्हणालात, "पाऊस उघडला की वाट मोकळी करतो." पोरीचा जीव.

तो पावसाळा सरता सरता हे गेले. ओलीनं गेले असं डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही कुणाला तसं म्हटलं नाही. यांचे दिवस व्हायच्या आत तुम्ही घण घेऊन वर गेलात. खाली आवाज येत राहिले, कुणी तुम्हाला अडवलं नाही. मग गवंडी आला आणि आठवड्याच्या आत गच्ची झाली. एवढंच काम होतं, नाना. पुढच्या पावसात खोली कोरडी होती आणि तिच्यात कुणी झोपत नव्हतं. त्यानंतर तुम्ही काहीच बनवलं नाहीत, नुसते दारात बसून राहायचात, आणि मला तुमची दया आली नाही. जेवायला वेळेवर वाढलं. त्याहून जास्त काही दिलं नाही.

मुलगी आता पुण्याला असते. परवा आली होती, भाजी निवडता निवडता म्हणाली, "नानांसारखं कुणी नव्हतं गं. तू मात्र तेव्हा सदानकदा चिडलेली." मी मान खाली घालून देठ मोडत राहिले. तिला तिचे आजोबा राहू देत.

पण एक गोष्ट तुम्हालाही माहीत नाही. त्या दिवाळीत बुरुजांना गेरू द्यायला तुम्ही यांना हाताला धरून वर नेलं होतंत. मी चहा घेऊन जिना चढले, तर हे खुर्चीत बसून, बोटं लाल करून, तुमच्याशी भांडत होते. "दरवाजा तिकडे नसतोच, गल्लीतल्या अण्णा कुलकर्ण्यांसारखं ठोकून देऊ नका," असलं काहीतरी. तुम्ही म्हणत होतात, "तू गेलायस का कधी रामशेजवर? मग गप रंगव." आणि हे हसत होते, खोकत नव्हते. मी जिन्यातच उभी राहिले. चहा निवला, तशीच खाली आले. आता यांना आठवायला बसले की अंथरुणावरचे हे डोळ्यांपुढे येतात, धाप लागलेले. चांगले दिसतात ते तेवढेच, खुर्चीतले. ते मला तुमच्यामुळे मिळालं. हे तुम्हाला कळावं असं मात्र मला अजूनही वाटत नाही, म्हणून हे कुणाला वाचून दाखवणार नाही, तुमच्या फोटोपुढेही नाही.