राखणदाराची बॅटरी

गुरुवार, एप्रिल १९९९

आज हसून हसून पोट दुखलं. मच्छीमार सोसायटीची सभा होती. तलावाच्या राखणदाराला नवी बॅटरी द्यायची का, यावरच अख्खी दुपार गेली. दोन सेलची की तीन सेलची? जुनीचं काय झालं? घरी नेली तर?

शेवटी बाबा उठले. "रेडिओ आयकला का? दिल्लीत सरकार पडलं, तरी सालाचा खर्च संसदेले पास कराच लागते. पुऱ्या फौजेचा खर्च बिना चर्चेनं पास केला त्यायनं! अन् आपुन एका बॅटरीसाठी भांडून राह्यलो!"

सगळे हसले, हात वर झाले, बॅटरी मंजूर. बाबा मिशीला पीळ देतच घरी आले.

आईनं मासे तळता तळता बाबांकडून सगळं ऐकलं. दादा फौजेत आहे, तिकडे बर्फात. ती एवढंच म्हणाली, "मंग पोराचे बूट गरम हायेत का, हे तिथं कोणंच नाई इचारलं?"

मला हे का सुचलं नाही? मी तर सभेत सगळ्यांत जास्त हसले.

बाबांचा हात मिशीवरच राहिला. मग हळूच म्हणाले, "आपल्या सभेत असतं, तर बुटाच्या नाड्याही इचारल्या असत्या."